कुठाय खरखर?

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. ग्रामोफोनची काळी, चकचकीत तबकडी तुम्ही पाहिली आहे का? घरात नसेल तर एखाद्या जुन्या सिनेमात तरी पाहिली असेल. तिच्यावर केसासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. तर सांगा पाहू, तबकडीच्या एका बाजूवर अशा किती रेघा असतील?

माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा कुणी म्हणालं शंभर, कुणी म्हणालं पाचशे. एक पठ्ठ्या तर कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजायलाच पुढे आला. बरोबर उत्तर मात्र कुणालाच आलं नाही. उत्तर आहे, एक! बाहेरच्या कडेपासून मधल्या कागदी चकतीपर्यंत चकलीसारखी वळत गेलेली ती एकच एक खाच असते. मोठ्या तबकडीवरची ही चकली उलगडून सरळ केली, तर ती चारशे मीटरहून लांब भरेल. आपली बारा डब्यांची लोकल तिच्यापुढे तोकडी पडेल!

ही खाच नुसती गोल जात नाही बरं का. जाता जाता ती थरथरत जाते. आवाज म्हणजे शेवटी हवेची थरथरच. गायक गातो तेव्हा ती थरथर खाचेत कोरली जाते, आणि पुढे कधीही त्या खाचेतून सुई फिरवली की सुई तश्शीच थरथरते. त्या थरथरीचा पुन्हा आवाज होतो. अमेरिकेत एडिसनने १८७७ साली नळकांड्यावर आवाज कोरून दाखवला, आणि दहाच वर्षांनी, १८८७ साली एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी चपटी तबकडी काढली. वीज नसली तरी हे जमतं. अगदी खराब, फेकायची तबकडी मिळाली तर कागदाचा शंकू करा, त्याच्या टोकाला टाचणी खोचा, तबकडी हाताने फिरवा आणि टाचणी खाचेत टेकवा. शंकूतून चिमणीएवढ्या आवाजात गाणं येईल. (चांगल्या तबकडीवर हा प्रयोग केलात आणि घरी ओरडा बसला, तर माझं नाव सांगू नका!)

तर त्या दिवशी मी घरचा जुना रेकॉर्ड प्लेयर शाळेत नेला होता. एकच अभंग आधी मोबाईलवर लावला, मग तबकडीवर. आणि विचारलं, "कुठला आवाज चांगला?"

वर्गात जो गोंधळ झाला तो विचारू नका. "बाई, मोबाईलचा! एकदम स्वच्छ आहे." "नाही बाई, तबकडीचा. ती फिरते!" आता फिरण्याचा आणि आवाजाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तबकडीच्या गाण्यात मागे पाऊस पडतोय."

मी दोन क्षण गप्पच झाले. मुलांनो, ती खरखर होती. धूळ आणि ओरखडे यांच्यावरून सुई जाताना जी बारीक चरचर होते ना, ती. मला तो पाऊस लहानपणापासून माहीत होता. त्या पावसावरून माझं आणि माझ्या बाबांचं एकदा भांडण झालं होतं. त्या भांडणात मी चुकले होते. पण हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

आमचं घर विठ्ठलवाडीला, स्टेशनपासून जवळ, रुळांना जवळजवळ चिकटलेल्या चाळीत. कल्याणहून कर्जत-पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या भांड्यांना हात लावून जायची म्हणा ना! मांडणीवरचे पेले किणकिणायचे. बाबांकडे एच.एम.व्ही.चा 'फिएस्टा' रेकॉर्ड प्लेयर होता, झाकणाचा, सुटकेससारखा. तो ते गोधडीची चौपदरी घडी घालून त्यावर ठेवत. मला वाटायचं, किती हे लाड! पण कारण वेगळं होतं. सुईला खाचेतली मिलिमीटरच्या शंभराव्या-हजाराव्या भागाएवढी थरथरसुद्धा कळते. मग आगगाडीची धडधड तिला कळणार नाही होय? गाडी गेली की गाण्यात घुमघुम मिसळायची, आणि एखादी जड गाडी गेली तर सुई चक्क उडी मारून पुढच्या ओळीवर जायची. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन आमच्या दारावरून जाते. रविवारी गाणी चालू असली की त्या वेळेला बाबा उठून सुई अलगद उचलून धरत. गाडी गेली, की परत ठेवत.

बाबा कापडाच्या कारखान्यात मागावर होते. आठवड्याचे सहा दिवस खटाक-खट, खटाक-खट. गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवायची आणि रविवारी तबकड्या ऐकायच्या, एवढीच त्यांची चैन. तबकड्या होत्या चाळीसएक. त्यांतली भीमसेन जोशींच्या अभंगांची एल.पी. सगळ्यांत लाडकी. म्हणून तीच सगळ्यांत जास्त झिजलेली आणि खरखरणारी.

२००४ साली मी दहावीत होते. हप्त्याने का होईना, आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मी स्टेशनबाहेरून तीस रुपयांना एक एम.पी.थ्री सीडी आणली. एका सीडीत दीडशे गाणी! त्यात तोच अभंग होता. मी मोठ्या ऐटीत बाबांना खुर्चीवर बसवलं आणि गाणं लावलं.

"बघा बाबा, जरासुद्धा खरखर नाही. तुमच्या तबकडीत किती खरखर असते!"

"तबकडीत? कुठाय खरखर?" बाबा म्हणाले.

मला वाटलं, चिडवतायत. मी तबकडी लावून दाखवली. ती चांगली तळणीतल्या भज्यांसारखी चुरचुरत होती. "ही काय! ऐका ना!" बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. "काही नाहीये. गाणं आहे."

मग त्यांनी कॉम्प्युटरवरचं गाणं पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या ओळीलाच म्हणाले, "हे चढलंय."

"काय चढलंय?"

"गाणं. अर्ध्या सुराने चढलंय. आवाज बघ ना कसा पातळ लागतोय. पंडितजी असे नाही गात."

"बाबा, कॉम्प्युटर कधी चुकत नाही!" मी ठणकावलं. आणि मनात म्हटलं, एवढी मोठी खरखर आहे ती यांना ऐकू येत नाही, आणि नसलेला चढलेला सूर ऐकू येतो. नुसता हट्ट!

त्या दिवाळीच्या साफसफाईत, कॉम्प्युटरच्या टेबलाला जागा हवी म्हणून, मी तबकड्या भंगारवाल्याला दिल्या. किलोच्या भावाने. आईला विचारलं होतं, बाबांना नाही. ते पाळीवर होते. प्लेयरचे तो दहा रुपये द्यायला लागला, म्हणून तो मात्र मी पोटमाळ्यावर ढकलला. संध्याकाळी बाबा आले. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं. जागा झाली." आणि हातपाय धुवायला गेले. पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही.

पुढे मी डी.एड. केलं, शाळेत लागले. बाबा निवृत्त झाले. हळूहळू घरात एक गंमत सुरू झाली. भाजीवाला म्हणायचा "साठ रुपये", आणि बाबा त्याला आठ रुपये काढून द्यायचे. आई म्हणायची "सुरी द्या", बाबा म्हणायचे, "पुरी? आता कुठली पुरी?" आम्ही हसायचो. त्यांचं लक्ष नसतं, असं आम्हाला वाटायचं. खरं सांगते, या हसण्याची मला आज लाज वाटते.

२०१९ साली त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एका बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, वेगवेगळ्या उंचीचे बारीक स्वर ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगतात. त्याचा एक आलेख निघतो. तुम्ही गणितात काढता तसाच. बाबांच्या आलेखाची रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या, जाड आवाजांपाशी जवळजवळ सरळ होती. उजवीकडे जाता जाता ती एकदम दरीत कोसळत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "कारखान्यात होता का?"

गोष्ट अशी आहे. माणसाचा धडधाकट कान सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो. कंपनं जितकी जास्त तितका आवाज बारीक, तीक्ष्ण. आपल्या कानात आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. सतत मोठा आवाज आदळत राहिला की त्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. आणि मोठ्या आवाजाचा पहिला घाव बसतो तो सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपास. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं ओळखायला लागणारा बारीक आवाज तिथे आणि त्याच्या वर असतो. म्हणून साठचे आठ झाले! आणि मुलांनो, तबकडीची चुरचुर बहुतेक करून याच वरच्या मजल्यावर राहते. मागावर तीसएक वर्षं काढलेल्या माझ्या बाबांना ती ऐकूच येत नव्हती. ते हट्ट करत नव्हते. त्यांनी मला अगदी खरं तेच सांगितलं होतं, "काही नाहीये. गाणं आहे."

(कानात बोळे घाला, असं माझ्या बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या इअरफोनचा आवाज कमी करा, असं तुम्हाला मी सांगते आहे. एवढं बोलून पुढे जाते.)

मग माझ्या डोक्यात दुसरा किडा वळवळायला लागला. खरखरीच्या बाबतीत बाबा खरं बोलत होते, तर चढलेल्या सुराच्या बाबतीत? गाण्याचा मूळ सूर हा काही वरच्या मजल्यावर नसतो. पुरुषाचा गाता आवाज सेकंदाला शंभर ते काही शे कंपनांचा. तिथे बाबांचा आलेख सरळ होता! आणि चाळीस वर्षं पेटी वाजवलेली.

मी पोटमाळ्यावर चढले. प्लेयर खाली काढला, धूळ झटकली, झाकण उघडलं, आणि आत ताटावर तबकडी! शेवटची लावलेली. त्या दिवशी खरखर दाखवायला मीच लावली होती, ती तशीच आत राहिली होती. चाळीसातली एक वाचली होती, आणि तीही नेमकी तीच.

सुई बदलून आणली, मेकॅनिककडून चाकं साफ करून घेतली. पण प्लेयर बरोबर वेगाने फिरतोय हे कसं कळणार? हे बाबांनीच शिकवलं. एल.पी. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या घेते. हा तुमच्या अपूर्णांकांचा धडा! तीन मिनिटांत किती? बरोबर शंभर. ताटाच्या कडेला खडूची खूण करायची, हातात घड्याळ घ्यायचं आणि मोजायचं. बाबा मोजत होते, मी घड्याळ धरलं होतं. तीन मिनिटांना शंभरावी फेरी पुरी झाली.

मग पेटी काढली. तबकडीचा षड्ज ज्या पट्टीवर जुळला, त्याच्या पुढच्या पट्टीवर माझ्या त्या जुन्या एम.पी.थ्रीचा जुळला. म्हणजे अर्धा सूर वर. पुराव्याला आणखी एक गोष्ट सापडली. आता अधिकृतपणे मिळणारं तेच गाणं तबकडीच्याच सुरात होतं, आणि माझं तीस रुपयांचं गाणं त्याहून सतरा सेकंदांनी लहान होतं! गाणं सुमारे सहा टक्के भरभर वाजवलं की सूर बरोबर अर्ध्या सुराने चढतो. पाच मिनिटांच्या, म्हणजे तीनशे सेकंदांच्या गाण्यात सहा टक्के भरभर म्हणजे सतराएक सेकंद कमी. करून बघा हिशेब. कुणीतरी एखाद्या भरधाव पळणाऱ्या टेपरेकॉर्डरवरून ते गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं असणार.

"चढलंय ना?" बाबांनी विचारलं. पंधरा वर्षांनी!

"चढलंय," मी म्हटलं.

वेगाचा हा घोळ तबकड्यांइतकाच जुना आहे. आपल्या देशात १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गायसबर्ग नावाच्या साहेबाने गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. समोर मायक्रोफोन नव्हता, मोठा कर्णा होता. त्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीन मिनिटांच्या आसपास आटपायचं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. गाणं कुणाचं हे तिथल्या लोकांना कळावं म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगत. त्या काळच्या लाखेच्या तबकड्यांना आपण सरसकट '७८ फेऱ्यांच्या' म्हणतो, पण सुरुवातीला सगळ्या नेमक्या ७८ च्या नसत. कुणी सत्तरने कोरायचं, कुणी ऐंशीने. आज त्या एकाच वेगाने वाजवल्या की काही गायकांचा आवाज उगाच चिमणीचा होतो. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था सुरू झाली. अशा जाणकारांना तबकडी मिळाली की एक प्रश्न सुटला, आणि ती कुठल्या वेगाने लावायची हा दुसरा उभा राहिला.

सगळ्यांत दूर गेलेल्या तबकडीच्या वेळीही शास्त्रज्ञांना हीच काळजी होती. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर जगभरचं संगीत आहे, आणि त्यात गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. पहिलं व्हॉयेजर आज २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. तिथे ती कुणाला सापडलीच, तर आपलं 'मिनिट' त्यांना काय ठाऊक? म्हणून तबकडीच्या आवरणावर वेग कोरून ठेवला आहे, तोही हायड्रोजनच्या अणूचं माप वापरून. एका फेरीला ३.६ सेकंद. न जाणो, परग्रहावरच्या कुणी केसरबाईंना अर्ध्या सुराने चढवून ठेवलं तर!

आता तुम्ही म्हणाल, मग बाई, कॉम्प्युटर वाईट का? मुळीच नाही. इथे मला बाबांच्या विरुद्ध बोलायला हवं.

कॉम्प्युटर खाच कोरत नाही, तो आकडे लिहितो. १९८२ साली जी सीडी बाजारात आली, तिच्यात आवाजाची थरथर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर. पुष्कळ लोक म्हणतात, "अहो, हे ठिपके ठिपके काढल्यासारखं झालं. मधल्या जागेतला आवाज गेला ना!" मलाही तसंच वाटायचं. पण नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या गणिताने दाखवून दिलं आहे की, ज्या आवाजात सेकंदाला जास्तीत जास्त जितकी कंपनं आहेत त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, की ठिपक्यांमधली रेघ एकाच तऱ्हेने जोडता येते, आणि ती मुळातली रेघ असते. २०,००० ची दुप्पट ४०,०००. ४४,१०० त्याहून जास्त. म्हणजे आपल्या कानापुरतं काहीही हरवत नाही.

तबकडीत मात्र हरवतं. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच जाते, आणि आत चकतीजवळ जेमतेम वीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, म्हणून शेवटच्या गाण्यातले बारीक आवाज बोथट होतात. शिवाय धूळ आहे, ओरखडे आहेत, आमच्यासारख्यांच्या घरी आगगाडी आहे. आणि प्रत्येक वेळी वाजवताना खाच अगदी कणभर झिजतेच. आकड्यांना धूळ लागत नाही, की डेक्कन क्वीनने ते हलत नाहीत.

पण आकड्यांचीही एक खोड आहे. जे दिलं, ते ते इमानदारीने जपतात. चढलेलं गाणं दिलं तर जन्मभर चढलेलंच. आणि एम.पी.थ्री म्हणजे सीडी नव्हे, हेही लक्षात ठेवा. सीडीवर मिनिटाच्या गाण्याला साधारण दहा एम.बी. लागतात, माझ्या त्या एम.पी.थ्रीला एक. बाकीचे नऊ गेले कुठे? भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आमच्या घरात दिवसभर चालू असते, पण गाडी जाताना ती ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज दडतो. जर्मनीतल्या संशोधकांनी याचाच फायदा घेतला. जे आवाज असे दडणारच आहेत, त्यांच्यावर आकडे कशाला खर्च करायचे? चांगली केलेली एम.पी.थ्री ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. माझी तीस रुपयांची काही चांगली केलेली नव्हती. टाळ तर त्यात पाण्याखाली वाजवल्यासारखे येत.

आणि कधी कधी तबकडीच खरोखर चांगली वाटते, त्यालाही कारण आहे. १९९० नंतर सगळी गाणी जास्तीत जास्त दणदणीत करण्याची चढाओढ लागली. त्यात हळू आणि मोठा हा फरकच पुसला गेला. हा दोष आकड्यांचा नाही, माणसांचा! अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा एल.पी.ची संख्या जास्त खपली. असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. त्यातल्या कितीतरी नव्या एल.पी. आधी कॉम्प्युटरच्या आकड्यांत तयार होतात आणि मग खाचेत कोरल्या जातात, ही मजा मात्र घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

असो. बाबांची गोष्ट राहिली.

त्यांना कानात घालायचं यंत्र मिळालं. दिसायला शेंगदाण्याएवढं, पण तेसुद्धा आकड्यांवरच चालतं. आवाज आला की त्याचे आकडे करतं, बाबांच्या आलेखातली दरी जिथे आहे तिथलेच आवाज वाढवतं आणि परत आवाज करून कानात सोडतं. पहिले दोन दिवस ते घरभर हिंडत होते. कागद चुरगळला की दचकत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "अगं, चिमण्या आहेत की अजून!" पुढच्या रविवारी त्यांनी ती एकुलती एक तबकडी लावली. सुई टेकवली आणि एकदम उचलली. सुईला फुंकर मारली. परत टेकवली, परत उचलली.

"अगं, बघ गं याला काय झालंय. केवढी ही खरखर!"

"बाबा," मी म्हटलं, "ती पहिल्यापासूनच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे तू तेव्हा..." "हो. आणि तुम्ही तेव्हा..." "हं." आमचं एवढंच बोलणं झालं.

थोडा वेळ त्यांनी तसंच ऐकलं. यंत्र मुख्यतः बोलणं समजावं म्हणून बनवलेलं असतं. त्यातून पेटी पत्र्याच्या डब्यासारखी लागते, अशी त्यांची तक्रार. शेवटी त्यांनी यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. मला पावसासकट ऐकू येत होतं, त्यांना पावसावाचून.

पाचेक मिनिटांनी ते उठले आणि त्यांनी सुई अलगद उचलून धरली. मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजत आले होते. मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. मग पेले किणकिणले, आणि डेक्कन क्वीन धडधडत गेली.

"यंत्र नसताना ऐकू आली?" मी मोठ्याने विचारलं.

"ऐकू कुठली? पायाला कळते ना," ते म्हणाले, आणि त्यांनी सुई दोन ओळी मागे ठेवली.